खराडीतील परदेशी बँकेची ऑफर : मुलीने स्वीकारावी का?

स. न. वि. वि.

आपली मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॅम्पसमधून तिला एका मोठ्या परदेशी बँकेच्या पुण्यातील खराडीच्या तंत्रज्ञान केंद्राची ऑफर आली आहे. आपण राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाल्यामुळे ‘बँक म्हणजे कायमची नोकरी’ असे आपल्याला वाटते, तर ‘तिथे जुनाट कोड सांभाळत बसावे लागेल’ ही तिची धास्ती आहे.

आपल्या मनातील शाश्वती येथे गृहीत धरू नये. १८५६ साली स्थापन झालेली क्रेडिट स्विस २०२३ मध्ये यूबीएसने ताब्यात घेतली; दोन्ही बँकांची पुण्यात मोठी केंद्रे होती आणि अशा वेळी कोणती प्रणाली ठेवायची, कोणती बंद करायची, हे पुण्यात ठरत नाही. आपल्या वेळची शाश्वती हवी असेल, तर आयबीपीएस या सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्पेशालिस्ट ऑफिसर परीक्षेतून आयटी अधिकारी होण्याचा मार्ग आहे; मात्र बदल्या त्यासोबत येतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

मुलीची धास्ती अर्धी खरी आहे. अनेक मोठ्या बँकांचे खातेव्यवहार आजही मेनफ्रेम या मोठ्या मध्यवर्ती संगणकांवर, कोबोल या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत चालतात. भोवतीची नवी कामे जावा, पायथन आणि क्लाउडवर होतात. तिला खरा जाच वाटेल तो कामाच्या संथ गतीचा. डेटाबेसच्या टेबलात एक रकाना वाढवायचा झाला, तरी स्वतः लिहिलेला कोड तिला थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू प्रणालीवर, टाकता येत नाही : दुसरा अभियंता तो तपासतो, खातेदारांची नावे झाकलेल्या माहितीवर चाचणी होते, बदल फसल्यास मागे कसे फिरायचे हे लिहून द्यावे लागते, मंजुरी मिळते आणि मग बहुधा शनिवारी रात्री तो बदल चढवला जातो. व्हाउचर करणाऱ्याने ते स्वतः पास करायचे नाही, हा आपल्या काउंटरवरचाच मेकर-चेकरचा नियम आहे. एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर हलवली, तेव्हा चाचणीतील उणिवांमुळे लाखो ग्राहकांना आपली खाती नीट वापरता येईनात. पुढे नियामकांनी बँकेला ४.८ कोटी पौंडांहून अधिक दंड केला. ही शिस्त पहिल्या दोन-तीन वर्षांत अंगवळणी पडली, तर मला ती मोठी कमाई वाटते. छोट्या स्टार्टअपमध्ये ती क्वचितच शिकायला मिळते.

म्हणून बँकेच्या नावापेक्षा टीम कोणती, हे तिने एचआरला आताच ईमेलने विचारावे. काम डेव्हलपमेंटचे, म्हणजे नवा कोड लिहिण्याचे, की प्रॉडक्शन सपोर्टचे, म्हणजे चालू प्रणाली सांभाळण्याचे, हा पहिला प्रश्न. सपोर्टही हलके काम नव्हे, रात्री एकगठ्ठा चालणारी व्यवहारांची प्रक्रिया (बॅच) अडकली की कोणता व्यवहार कुठे थांबला हे शोधताना बँक आतून कळते. पण कोड लिहिण्याची हौस असलेल्या मुलीने वर्ष-दीड वर्षात टीम बदलता येते का, याचे उत्तर घेऊनच त्यात पाऊल टाकावे. दुसरा प्रश्न वेळेचा. लंडनचा शेअर बाजार आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीडला उघडतो, न्यूयॉर्कचा संध्याकाळी सात-आठला, त्यामुळे काही टीमना रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते. घरी सोडणाऱ्या कॅबची सोय विचारून घ्यावी.

टीम डेव्हलपमेंटची निघाली, तर माझ्या मते तिने ही ऑफर स्वीकारावी. सही करण्यापूर्वी नोटीस पिरियड किती दिवसांचा आहे, तेवढे आपण दोघांनी मिळून वाचावे.