डोंगरवाटेवर गट तुटतो तेव्हा

प्रश्न : आम्ही आठ मित्रमैत्रिणी डोंगरात चालायला जातो. दरवेळी तिघे पुढे निघून जातात, दोघे मागे पडतात आणि उतरेपर्यंत अंधार होतो. काय करावे?

उत्तर : अंधार होतो, कारण आपण अंतर मोजतो आणि चढ विसरतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही वापरला जातो : साधारण ५ किलोमीटरला १ तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास. १० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे ३ तास. यात विश्रांती नाही. आठ जणांसाठी दीडपट, साडेचार तास धरा. माघारी फिरण्याची वेळ निघतानाच ठरवा आणि माथा समोर दिसत असला तरी पाळा.

गट तुटण्याचे कारण मात्र थांबण्याच्या पद्धतीत असते. पुढचे थांबतात, दम घेतात आणि मागचे पोहोचताच निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही! म्हणून थांब्याची वेळ शेवटचा माणूस बसल्यावर मोजायची. सर्वांत हळू चालणाऱ्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवा, वेग आपोआप जुळतो. शेवटी वाट माहीत असलेला, प्रथमोपचाराची पिशवी आणि विजेरी बाळगणारा माणूस हवा. त्याच्या पुढे सगळे, मागे कोणीही नाही. प्रत्येक फाट्यावर सगळे जमल्याशिवाय पाऊल पुढे टाकू नका; चुकामूक बहुतेक तिथेच होते.

पहिली वीस मिनिटे बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. टाच चुरचुरली की लगेच चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर उशीर झालेला असतो.