ट्रॅक्टर एका स्पीडला चाललाय, मग डिझेल कशाला जळतंय?

प्रश्न : रामराम सर. आमचा मुलगा नववीला आहे, विज्ञानाचा पहिलाच धडा गतीचे नियम, त्यात बल = वस्तुमान × त्वरण असं दिलंय. मी सीझनला ट्रॅक्टर चालवतो, दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस नेतो. पोरगं परवा म्हणालं, पप्पा तुमचा ट्रॅक्टर एका स्पीडला चाललाय म्हणजे त्वरण शून्य, मग बल पण शून्य, तर मग डिझेल कशाला जळतंय? मला काय उत्तर देता येईना. आणि भरलेल्या ट्रॉल्या उताराला मागून ढकलतात असं आम्ही सगळे ड्रायव्हर म्हणतो, ते पण ह्याच नियमात बसतं का?
– एक वाचक, वाळवा तालुका, जि. सांगली

उत्तर : रामराम दादा. आधी पोराच्या पाठीवर थाप मारा. गणितं सोडवणारी पोरं भरपूर असतात पण सूत्र घेऊन रस्त्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरकडं बघणारं पोरगं क्वचित मिळतं. आणि त्याला जी शंका आली तीच माणसाला दोन हजार वर्षं छळत होती, वस्तू हलती ठेवायची तर सतत बल लावावंच लागतं असं थोर थोर लोक मानायचे, ते गॅलिलिओनं मोडून काढलं आणि न्यूटननं 1687 साली नियमात बांधलं.

गोम एकाच ठिकाणी आहे. सूत्रातलं बल म्हणजे इंजिनाचं बल नाही. गाडीवर पुढून मागून जेवढी बलं लागतात त्या सगळ्यांची बेरीज वजाबाकी करून जे शिल्लक राहतं ते बल. पुस्तकात त्याला असंतुलित बल म्हटलंय, पण गणितं करताना तो शब्द मुलांच्या डोक्यातून गळून पडतो आणि सगळा घोटाळा तिथंच होतो.

आता तुमचाच ट्रॅक्टर घेऊ. ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि ऊस मिळून 20 टन धरू, म्हणजे 20,000 किलो. रिकामं असताना सगळं मिळून 6 टन. भरलेल्या गाडीचे टायर दबतात, रस्ता ओबडधोबड, बेअरिंगचं घर्षण, हे सगळं मिळून गाडीला मागं ओढतं, ते डांबरी सपाट रस्त्यावर 4,000 न्यूटन धरू. (न्यूटन म्हणजे किती? एक किलो साखरेची पिशवी हातात धरली की हाताला साधारण 10 न्यूटन पेलावे लागतात.) इंजिन चाकांमार्फत 7,000 न्यूटननं पुढं ओढतंय असं समजा. हे आकडे हिशोबापुरते धरलेत, तुमच्या गाडीचे थोडे इकडंतिकडं असतील.

7,000 मधून 4,000 गेले, उरले 3,000. ते भागिले 20,000 किलो, त्वरण आलं 0.15, म्हणजे दर सेकंदाला वेग सेकंदाला 0.15 मीटरनं वाढतो. ताशी 18 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 5 मीटर, तिथवर पोचायला 33 सेकंद लागले. आता रिकाम्या ट्रॉल्या घ्या. मागं ओढणारं बल पण कमी होऊन 1,200 वर आलं, उरले 5,800, भागिले 6,000, त्वरण जवळपास 1, आणि तोच स्पीड 5 सेकंदात. पिकअप मिळत नाही म्हणता ना तुम्ही, ते हेच, इंजिन तेच आहे, शिल्लक बल घटलंय आणि ज्याला हलवायचं ते वस्तुमान तिप्पट झालंय.

मग 18 चा स्पीड आला की तुम्ही पाय थोडा सैल करता. आता इंजिन फक्त 4,000 नं ओढतंय आणि रस्ता पण 4,000 नं मागं खेचतोय, शिल्लक शून्य, त्वरण शून्य, स्पीड आहे तसा. म्हणजे पोराचं गणित बरोबर होतं, फक्त शून्य कुणाचं ते चुकलं. इंजिनाचं बल शून्य नाही, 4,000 आहे, आणि 4,000 न्यूटननं सेकंदाला 5 मीटर ओढायचं म्हणजे 20 किलोवॅट झाले, सुमारे 27 हॉर्सपॉवर. डिझेल जळतंय ते त्याच्यासाठी. पोराला शेजारी घेऊन मोकळ्या सपाट रस्त्यावर एकदा क्लच दाबून दाखवा, ब्रेक न लावता गाडी आपोआप मंद होत जाईल, आपल्या हिशोबानं साधारण 25 सेकंदात थांबेल. तिला कोण थांबवतंय विचारा, त्याचं त्यालाच उत्तर सापडेल.

आता उताराचं, आणि हे जरा नीट वाचा कारण इथं माणसं जातात. वीस मीटरला एक मीटर उतरणारा रस्ता असेल तर गाडीच्या वजनाचा विसावा भाग गाडीला पुढं ओढतो. 20 टनांचं वजन 2,00,000 न्यूटन, त्याचा विसावा भाग 10,000. रस्ता मागं खेचतो 4,000. म्हणजे इंजिननं काही न करता 6,000 न्यूटन पुढं शिल्लक, त्वरण 0.3. वीस सेकंद गाडी तशीच सोडली तर 18 चा स्पीड जवळजवळ 40 वर जातो. आणि ह्या 10,000 पैकी बहुतेक बल ट्रॉल्यांवरच लागतंय, कारण वजन तिकडं आहे, म्हणून त्या ट्रॅक्टरला मागून ढकलतात. तुम्ही ड्रायव्हर लोक म्हणता ते अगदी खरं आहे.

ट्रॉल्यांना ब्रेक नसेल तर सगळी मदार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. ती चाकं रस्त्याला धरून फार तर 12,000 न्यूटननं अडवतील असं समजू, त्याच्यावर ब्रेक कितीही दाबा, चाक नुसतं घसरणार. सपाटीला रस्त्याचे 4,000 पण मदतीला येतात, 16,000 भागिले 20,000 म्हणजे 0.8, आणि 18 च्या स्पीडवरून गाडी 16 मीटरच्या आत थांबते. त्याच उताराला 12,000 मधून 6,000 गेले, उरले 6,000, आणि तीच गाडी थांबायला 42 मीटर. आणि स्पीड 36 वर गेलेला असेल तर 167 मीटर! वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होतं. पुढं वळण असेल किंवा शाळा सुटलेली असेल तर 167 मीटर कुठून आणायचे?

म्हणून डिझेल वाचवायला उताराला न्यूट्रल करणारे बघितले की माझ्या पोटात गोळा येतो. चढाला जो गिअर लागला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे इंजिन पण गाडीला मागं धरून ठेवतं, आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाका. ट्रॉलीला ब्रेक बसवता येत असतील तर मालकाच्या मागं लागा. ट्रॅक्टर वाकडा करून जोरात ब्रेक मारू नका, ट्रॉल्या सरळ ढकलत राहतात आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

प्रश्न : पुण्याकडं जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून इंजिन का लावतात? पुढचं इंजिन तेवढं कमजोर असतं का?
– एक प्रवासी, बदलापूर

उत्तर : कमजोर अजिबात नसतं, तेच इंजिन सपाटीला तीच गाडी शंभराच्या वर पळवतं. पण बोरघाटाचा चढ 37 ला 1 आहे आणि रेल्वेसाठी हा फार मोठा चढ झाला. गाडी हजार टनांची धरा, तिचा सदतिसावा भाग म्हणजे 27 टनांचं वजन गाडीला सतत मागं ओढत असतं, लोणावळा येईपर्यंत. हे फेडल्यावर जे शिल्लक राहील त्यातूनच त्वरण मिळणार, आणि घाटात कुठं सिग्नलला थांबली तर परत उचलायची पण त्यातूनच. लोखंडी चाक लोखंडी रुळावर टायरएवढं धरत नाही, म्हणून नुसती ताकद वाढवून भागत नाही, बल लावणारी चाकंच जास्त लागतात. मागून लावायचं आणखी एक कारण, सगळा ओढा पुढच्या डब्यांच्या कपलिंगवर येत नाही. ह्या जादा इंजिनांना बँकर म्हणतात, कसारा ते इगतपुरी घाटात पण हाच प्रकार.

प्रश्न : जड दगडावर पृथ्वीचं ओढणं जास्त, मग तो हलक्या दगडाच्या आधी का पडत नाही? मुलगी विचारतेय.
– एक आई, सोलापूर

उत्तर : कारण जड दगडावर बल दुप्पट असेल तर हलवायचं वस्तुमान पण दुप्पट असतं, भागाकार तोच येतो, 9.8. कागद मागं राहतो तो हवेमुळं. चंद्रावर हवा नाही, तिथं ऑगस्ट 1971 मध्ये अपोलो 15 च्या डेव्हिड स्कॉटनं हातोडा आणि पीस एकदम सोडलं आणि दोन्ही बरोबरच खाली टेकले. घरी करायचं तर जाड वहीवर कागदाचा छोटा कपटा ठेवा, वहीच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, आणि वही सपाट धरून सोडा. कपटा वहीला सोडत नाही, तिच्याबरोबरच जमिनीवर येतो.