टूरिंग गाडीचा सायलेन्सर: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

दिवाळी झाली की मोटरसायकल टूरचा सीझन सुरू होतो आणि त्याच्या पाठोपाठ सायलेन्सरचे प्रश्न. यावेळी एवढे आलेत की सगळे एकत्रच घेतो. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे प्रत्येक उत्तरात परत नको. दुकानासमोर गाडी उभी करून दोनदा रेस दिली आणि आवाज आवडला म्हणून घेतलेला सायलेन्सर टूरच्या चौथ्या तासाला डोक्यात जातो. टूरिंगसाठी बघायचं ते हे, की हायवेच्या स्पीडला तो कसा वाजतो, बॅगांच्या किती जवळ येतो आणि लोड असताना घाटात गाडी खालच्या आरपीएमला ओढते का.

प्रश्न: माझी हिमालयन 411 आहे, 2021 ची. स्लिप-ऑन लावला तर पॉवर किती वाढेल? मित्र म्हणतो डीबी किलर काढला की गाडी मोकळी होते, मेकॅनिक म्हणतो इंजिनला बॅक प्रेशर लागतंच. खरं कोणाचं? (कोल्हापूर)

दोघांचंही अर्धवट आहे. (स्लिप-ऑन म्हणजे पुढचा पाईप तसाच ठेवून नुसता मागचा डबा बदलणं, डीबी किलर म्हणजे डब्याच्या तोंडात आवाज कमी करायला बसवलेला, काढता येणारा तुकडा, आणि बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसला पाईपमध्ये होणारा अडथळा.) पॉवरचं आधी सांगतो, जाणवेल एवढी वाढत नाही. 24 पीएसच्या गाडीला नुसता मागचा डबा बदलून जो काय फरक पडेल तो डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, दिसला तर दिसेल, आंबा घाटात नाही दिसणार. आवाज बदलतो म्हणून गाडी जास्त पळतेय असं वाटतं, हे मात्र प्रत्येकाला होतं. वजन कमी होतं हे खरं आहे, चांगल्या स्लिप-ऑनने दोन-तीन किलो उतरतात, पण तुमच्या 15 लिटरच्या टाकीत निम्मं पेट्रोल असलं की पाच-साडेपाच किलो तसंच कमी झालेलं असतं आणि ते तुम्हाला कधी जाणवलं का सांगा.

आता बॅक प्रेशर. इंजिनला कोंडमारा नको असतो, कुठल्याच इंजिनला नको असतो. पण मेकॅनिक जे बघतोय ते खोटं नाही, पाईप एकदम मोकळा केला की गाडी खालून, म्हणजे कमी आरपीएमला, मरते. का, ते समजून घ्या. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा गरम गॅसचा दाब एकदम पाईपमध्ये सुटतो, ती दाबाची लाट पुढे पळते आणि जिथे पाईप एकदम रुंद होतो किंवा संपतो तिथून उलटी होऊन परत येते, येताना मात्र दाब नाही तर ओढ घेऊन येते. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात असा एक छोटा क्षण असतो. ती ओढ नेमकी त्या क्षणाला पोचली तर जळालेला गॅस बाहेर खेचला जातो, ताजं मिश्रण आत येतं आणि टॉर्क मिळतो. उशिरा किंवा लवकर पोचली तर उलटंच होतं. ती कधी पोचणार हे पाईपच्या लांबीवर, जाडीवर आणि पुढे डबा कसा आहे यावर ठरतं. 411 चा 32 एनएम टॉर्क 4000 ते 4500 आरपीएमला आहे, कंपनीने सगळं तिथे जुळवलंय, कारण ही गाडी लोड घेऊन हळूहळू चढण्यासाठी आहे. तुम्ही डीबी किलर काढला की ते जुळलेलं बिघडतं आणि जो फायदा होईल तो झाला तर वरच्या आरपीएमला, जिथे तुम्ही टूरवर जातच नाही.

तर लावायचाच असेल तर डीबी किलर आत ठेवून लावा आणि तो स्क्रूने नीट बसलेला आहे ना ते दर सर्व्हिसला बघा.

प्रश्न: आमच्या ह्यांनी इंटरसेप्टर 650 ला दोन्ही बाजूंचे सायलेन्सर बदलले. सिटीत छान वाटतं पण नाशिक-मुंबई केलं की माझं डोकं ठणकतं, पुढे बसून ह्यांना काही होत नाही. माझेच लाड आहेत का? (नाशिक)

ताई, अजिबात नाही. हा प्रश्न मागे बसणाऱ्याकडून आला याचा मला फार आनंद झाला कारण सायलेन्सर निवडताना पिलियनला कोणी विचारतच नाही आणि त्याच्या सगळ्यात जवळ बसतो तो पिलियन.

तुम्हाला जे होतंय त्याला ड्रोन म्हणतात. 650 ताशी शंभरच्या आसपास चालवली की इंजिन साधारण 4000 आरपीएमला असतं, दोन सिलिंडर म्हणजे सेकंदाला 66-67 वेळा पेटतं. हा झाला खूप खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज. असा आवाज हेल्मेटच्या फोमने अडत नाही, इअरप्लगने पण वरच्या पट्टीचे आवाज जितके अडतात तितका हा नाही अडत, तो छातीत आणि कवटीत जाणवतो. स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळ, सायलेन्सर लांब आणि जड असतो कारण आत कप्पे असतात, आणि खालच्या पट्टीचा आवाज मारायला असे कप्पे आणि जागाच लागते. बाजारातले बहुतेक छोटे डबे म्हणजे भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती ग्लासवूल. ग्लासवूल वरच्या पट्टीचा कर्कशपणा छान पितं, खालचा घुमारा तसाच सोडतं. म्हणून सिटीत तो आवाज गोड लागतो आणि हायवेवर एकाच आरपीएमला तासभर चालला की नकोसा होतो. ग्लासवूल जुनं झालं, जळून उडालं की आणखीन वाढतो, त्यामुळे असा डबा असेल तर तो उघडता येणारा, रिव्हेट काढून परत पॅक करता येणारा हवा.

मिस्टरांना सांगा, आधी डीबी किलर आहेत का बघायचे. नसतील तर घालायचे. असून पण हे होत असेल तर डब्याची लांबी वाढवल्याशिवाय, म्हणजे मोठा कप्पेवाला डबा घेतल्याशिवाय किंवा स्टॉक परत लावल्याशिवाय इलाज नाही. आणि दोघांनीही इअरप्लग वापरा, कारण शंभरच्या स्पीडला हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज 95 डेसिबलच्या घरात जातो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या मापदंडाप्रमाणे 85 डेसिबल आठ तास चालतो आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 94 ला एक तास. नाशिक-मुंबईला किती तास लागतात तुम्हाला माहितीच आहे, त्यात वरून सायलेन्सरची भर कशाला.

प्रश्न: 390 अ‍ॅडव्हेंचरला फुल सिस्टीम लावायची आहे, कॅट काढून. रीमॅप लागेल का? आणि थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो तो चांगला की वाईट? (पुणे)

कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढू नका. यात मला मध्यम मार्ग दिसत नाही. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं आणि कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड तिथे मारले जातात. तो काढला की हे सगळं मागून येणाऱ्याच्या नाकात, टूरवर तुमच्याच ग्रुपमधल्या मागच्या गाडीवाल्याच्या. मिळतं काय, तर थोडी वरची पॉवर.

रीमॅपचं, म्हणजे ईसीयूमधला (इंजिनच्या कॉम्प्युटरमधला) पेट्रोलचा हिशोब बदलण्याचं, असं आहे की ऑक्सिजन सेन्सर आणि कॅट यांच्या मागचा फक्त डबा बदलला तर गरज पडत नाही, एकसारख्या स्पीडला ईसीयू सेन्सरकडे बघून हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 ला एक या आसपास स्वतःच सांभाळतो. इंजिनजवळच्या बेंड पाईपपासून सगळं (फुल सिस्टीम) बदललं तर फुल थ्रॉटलला तो सेन्सरकडे न बघता आपल्या ठरलेल्या मॅपने चालतो, तिथे गाडी लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊ शकते, आणि लोड घेऊन उन्हात लीन चालणारं इंजिन तापतं, म्हणून तेव्हा रीमॅप लागतो.

फटफट आवाजाला लोक आवडीने ऐकतात पण नवीन सायलेन्सर लावल्यावर तो सुरू झाला असेल तर आधी जॉइंट तपासा. थ्रॉटल सोडला की पाईपमध्ये ओढ तयार होते, जॉइंट लूज असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि न जळलेलं पेट्रोल पाईपमध्येच पेटतं. आणखी वाईट म्हणजे लीक सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवतो आणि तुमचा मायलेज पडतो. बघायची पद्धत सोपी आहे: सकाळी थंड गाडी स्टार्ट करा आणि पाईप तापायच्या आत जॉइंटभोवती हात फिरवा, हवेची फुंकर लागते. शिवाय लीक असलेल्या जागी काळी काजळी उमटलेली असते. नवीन सिस्टीम लावताना गॅसकेट नवीनच टाका, जुनी दाबलेली परत बसत नाही, आणि पहिल्यांदा गरम होऊन गार झाल्यावर सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा टाइट करा, हे नव्वद टक्के लोक विसरतात.

प्रश्न: दुकानदार म्हणतो ई-मार्क आहे, पोलीस काही करत नाहीत. खरं का? (ठाणे)

नाही. ई-मार्क हा युरोपचा शिक्का आहे, गोलात ई आणि देशाचा नंबर, ई 1 जर्मनी, ई 3 इटली वगैरे. माल तिकडच्या नियमांत बसल्याची ती खूण आहे, आपल्याकडचा परवाना नाही. आपल्याकडे 175 सीसीच्या वरच्या गाडीला कंपनीतून बाहेर पडताना 80 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ते माप चालत्या गाडीचं, साडेसात मीटरवरून घेतलेलं, त्यामुळे मोबाईलच्या अ‍ॅपवर सायलेन्सरला चिकटून घेतलेल्या आकड्याशी त्याची तुलना करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर पहिल्या गुन्ह्यालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद आणि 3 महिने लायसन्स बाद होऊ शकतं. परवानगी नसलेला बदल केला म्हणून मालकावर 182अ लागू शकतं, ते वेगळं. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध गाडीत बदल चालणार नाही. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी पहाटे पाच वाजता ताम्हिणीतल्या एखाद्या वाडीतून दहा मोकळे सायलेन्सर गेले की तिथल्या माणसांची झोप जाते, गुरं बिथरतात, आणि पुढच्या वेळी त्याच गावात आपल्याला चहासाठी थांबायचं असतं. मला हे मनापासून लागतं. इंदोरी आणि फटाका सायलेन्सरमुळे सगळ्याच रायडर्सकडे लोक वाकड्या नजरेने बघायला लागलेत.

इन्शुरन्स कंपनीला बदल कळवा, वॉरंटीचं सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

प्रश्न: गणपतीपुळ्याला जाताना नवीन सॅडल बॅगचा तळ वितळला. आधी स्टॉक सायलेन्सरवर हीच बॅग दोन वर्षं होती, काही झालं नव्हतं. शिवाय सहा महिन्यांत सायलेन्सरला गंज चढलाय. (सातारा)

तुमचा नवीन डबा स्टॉकपेक्षा आखूड असणार. स्टॉकचं तोंड बॅगेच्या मागे संपतं, आखूड डब्याचं तोंड बॅगेच्या खालीच उघडतं आणि गरम गॅस थेट तळावर. हीट शील्ड लावून यात काही होत नाही, डबाच लांब हवा किंवा तोंड बाहेर-खाली वळवलेलं हवं. घ्यायच्या आधी बॅग बांधून, पिलियन बसवून, गाडी दाबून बघा, किमान चार बोटं जागा राहिली पाहिजे. रेन कव्हर हा वेगळाच शत्रू आहे, वाऱ्याने फडफडून सायलेन्सरला लागतं आणि चिकटतं, त्याची नाडी आतून बांधा. बॅगेला रेल, म्हणजे तिला सायलेन्सरपासून लांब धरणारी दांडी, असेल तर सगळ्यात उत्तम.

गंजाचं म्हणाल तर दुकानात लोहचुंबक घेऊन जा. 304 ग्रेडच्या स्टीलला चुंबक जवळपास चिकटत नाही, 409 ला आणि साध्या लोखंडावर काळा पावडर कोट मारलेल्याला चिकटतो. कोकणात, समुद्राकाठी, पावसात फिरणार असाल तर 304 च घ्या आणि बीचवरून आलं की गोड्या पाण्याने धुवा, गार झाल्यावर. टायटॅनियम हलकं आणि गंजत नाही, पण लांबच्या टूरला माझी एक अडचण आहे: ब्रॅकेट तुटला तर साध्या लोखंडाला गावातला कुठलाही वेल्डिंगवाला दहा मिनिटांत टाका मारून देतो, स्टीललाही कामचलाऊ मारतो. टायटॅनियमला आर्गॉन वेल्डिंग लागतं, ते स्पितीत कुठे शोधणार? खराब रस्त्यावर ब्रॅकेट तुटतातच, टूलकिटमध्ये एक-दोन मोठे जुबिली क्लिप (स्क्रूने आवळायच्या पत्र्याच्या पट्ट्या) टाकून ठेवा.

प्रश्न: मी म्युनिकला असतो, व्ही-स्ट्रॉम 650 आहे. आल्प्समध्ये जातो. इथे काय बघू? (म्युनिक)

तुमच्याकडे ई-मार्क तुमच्या गाडीच्या मॉडेलसाठीच असला पाहिजे आणि डीबी किलर काढला की गाडीची रस्त्यावरची परवानगीच संपते. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये लेख (Lech) नदीच्या खोऱ्याच्या भागात 2020 पासून उन्हाळ्यात ठरावीक रस्त्यांवर, कागदपत्रात उभ्या गाडीचा आवाज 95 डेसिबलपेक्षा जास्त लिहिलेल्या मोटरसायकलींना बंदी आहे. तुमच्या कागदात यू.1 (U.1) चा रकाना बघून घ्या, हा आकडा तिथे असतो. सीमा ओलांडून त्याच रस्त्यांवर जायचं तर तो आकडा कामाचा.

प्रश्न: नाना पेठेत अक्रापोविच तीन हजाराला मिळतोय. घेऊ का? (पिंपरी)

तो अक्रापोविच नाही. स्लोव्हेनियात बनणाऱ्या त्या डब्याची किंमत यापेक्षा कितीतरी पटीने जास्त असते. त्याच पैशात नाव न लावलेला पण 304 चा, डीबी किलरवाला देशी डबा शोधा, चांगले बनवणारे आहेत आपल्याकडे.

प्रश्न: स्टॉक सायलेन्सर विकला तर दोन-तीन हजार येतील. विकू? (नगर)

अजिबात नको. गाडी विकताना, आरटीओच्या कामाला, वॉरंटी क्लेमला, आणि नव्याचा कंटाळा आला तर तो लागणारच, आणि बीएस 6 गाड्यांचे नवे स्टॉक डबे महाग आहेत. आत पाणी साचलेलं असतं, म्हणून काढायच्या आधी अर्धा तास गाडी चालवून तो पूर्ण वाळवा, गार झाल्यावर काढा, दोन्ही तोंडांत कापडाचा बोळा घाला, बाहेरून हलकं तेल पुसा आणि माळ्यावर आडवा ठेवा. बोल्ट, रबर बुश आणि क्लॅम्प पिशवीत घालून त्यालाच बांधा, कारण परत लावायच्या दिवशी नेमके तेच सापडत नाहीत.