सीओईपीचं नाव यादीत घालू का?

प्रश्न : मॅडम, मी बार्शीत बारावी सायन्सला आहे. आप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग मीसुद्धा भरते. मला इलेक्ट्रिकलच करायचंय, तेही पुण्याच्या सीओईपी या सरकारी अभियांत्रिकी संस्थेत. पण सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या, सराव परीक्षेत २०० पैकी ११०च्या पुढे गाडी जात नाही. क्लासचे सर म्हणतात, "सीओईपी विसर, जिथे मिळेल तिथे कॉम्प्युटर घे." आप्पांना फीची काळजी आहे. आम्ही ओबीसी आहोत. माझा नंबर लागेल का? लागणार नसेल तर कॉलेजांच्या पसंतीच्या यादीत नाव घालून पसंती वाया जाईल का?
— एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : बाळ, आधी स्पष्ट सांगते. ११० गुणांवर सीओईपीचं इलेक्ट्रिकल आज लांब आहे. पण तुझी आशा चुकीची आहे असं मला अजिबात वाटत नाही.

"इतके गुण म्हणजे इतके पर्सेंटाइल" असे तक्ते मोबाइलवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नकोस. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, त्यामुळे तेच गुण वेगळं पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के मुलं तुझ्या मागे हा आकडा, देतात. त्यापेक्षा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची गेल्या वर्षीची कट-ऑफ यादी उघड आणि सीओईपीच्या इलेक्ट्रिकलखाली 'एलओबीसीएस' हा रकाना शोध. एल म्हणजे मुलींची जागा, मधे प्रवर्ग, शेवटचा एस म्हणजे राज्यस्तर. बहुतेक मुलं नुसता 'जीओपीईएनएस'चा, म्हणजे सर्वसाधारण खुल्या जागांचा, आकडा बघून हाय खातात. तुझा विचार खुल्या जागेसाठीही होतो, ओबीसीसाठीही आणि मुलींच्या राखीव जागेसाठीही.

आता गुणांचं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. तुझं अडतंय ते बहुधा इथेच. आणखी दहा प्रश्न बरोबर आले की २० गुण वाढतात. अकरावीवर २० टक्के प्रश्न असतात, ती पुस्तकं माळ्यावर टाकली असतील तर आजच खाली काढ. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

यादीबद्दलची तुझी भीती मात्र निराधार आहे. पहिली पसंती मिळाली नाही तर दुसरीवरचा तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही, गुणवत्ता क्रमानुसार पुढची जागा बघितली जाते. म्हणून सीओईपी वर ठेव, खाली सांगलीचं वालचंद, कराड आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी महाविद्यालयं, मग सोलापूरकडची. क्रम आवडीचाच हवा. एक सांभाळ : २०२५च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, तर तीच घ्यावी लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पसंतींना लागू होतं. त्यामुळे केवळ सरांच्या समाधानासाठी कॉम्प्युटर वर टाकू नकोस. वाइंडिंग भरणाऱ्या मुलीला इलेक्ट्रिकल कशासाठी हवं, हे तिला कुणी शिकवायला नको. यंदाची माहितीपुस्तिका आली की हे नियम पुन्हा वाच.

आप्पांना सांग, जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी महाविद्यालयातही. अट एवढीच, प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. वसतिगृह आणि खाणावळीचा खर्च वेगळा धरा.

पण हे सगळं अडतं ते कागदांपाशी. चांगले गुण असलेल्या मुलींची जागा जात पडताळणी नसल्यामुळे गेलेली मी पाहिली आहे, अजून जिवाला लागतं. पडताळणीचा अर्ज केला नसेल तर याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात विचार. नॉन-क्रिमिलेअर दाखला, म्हणजे कुटुंब ओबीसींतल्या उन्नत गटात नसल्याचा दाखला, प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत चालणारा हवा, त्यावरची तारीख बघून घे. निकालानंतर तहसीलला झुंबड उडते, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आप्पांना आधीच पाठव.