महिन्याचा अंक घ्यायचा की खंडाची वाट बघायची?

काकू म्हणून विचारलंस, तर काकू म्हणूनच सांगते. खानापूरहून तू लिहिलंयस की बॅटमॅन-स्पायडरमॅनचे दर महिन्याचे नवे अंक घ्यायला लागलास, पण तीन-तीन अंक वाचले तरी गोष्ट जागची हलत नाही. एका अंकामागे साडेतीनशे-चारशे रुपये जातात, वर पोस्टाचा खर्च. मग सुटे अंक घ्यावेत, की पाच-सहा अंकांचा बांधीव खंड निघेपर्यंत थांबावं? आणि सध्याच्यातलं नेमकं काय घ्यावं?

मालिका बघून ठरवू नकोस, अंक बघून ठरव. जो अंक एकटा उभा राहतो तो सुटा घे, बाकीचे खंडात वाच. असा अंक ओळखायचा कसा, ते मी लहानपणीच शिकले, आणि अमेरिकन कॉमिक्समधून नव्हे.

माझं माहेर बेळगावातल्या शहापूरचं. सत्तरच्या दशकात आमच्या घरी मराठी चांदोबा यायचा आणि भिंतीपलीकडच्या घरी कन्नड चंदमामा. हे मासिक १९४७ साली मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं, कन्नडमध्ये १९४९ ला आलं आणि मराठीत १९५२ ला. चित्रं सगळ्या भाषांत तीच, फक्त मजकूर बदलायचा. शेजारची मैत्रीण आणि मी, ज्या घरचा अंक आधी यायचा तो दोघी मिळून उघडायचो. कन्नड अंक आधी आला की मला अक्षर लागायचं नाही, मग मी नुसती चित्रांवरून गोष्ट लावायची आणि ती वाचून सांगायची की माझं कुठं चुकलं. मराठी आधी आला की उलटं. पुढे मला कन्नड वाचता यायला लागलं ते शाळेच्या पुस्तकापेक्षा त्या अंकांमुळे. ‘क्रमशः’ला कन्नडमध्ये ‘मुंदुवरियुवुदु’ म्हणतात. एवढा लांब शब्द मी न अडखळता म्हणायची, कारण महिनाभर जीव टांगलेला असायचा तो त्या शब्दावर.

त्या मासिकातली विक्रम-वेताळाची गोष्ट आठव. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, मागे स्मशान, शंकर या चित्रकाराचं ते चित्र. दर महिन्याला राजा झाडावरून प्रेत उतरवायचा, वेताळ एक पूर्ण गोष्ट सांगायचा, शेवटी प्रश्न विचारायचा, राजाचं मौन मोडायचं आणि वेताळ परत झाडावर. त्यात आतली गोष्ट संपलेली असायची आणि बाहेरची चालूच राहायची. एखाद्या महिन्याचा अंक हुकला तरी पोट भरायचं, सगळे वाचले तरी भूक राहायची. महिन्याच्या अंकाची याहून चांगली बांधणी मी आजवर पाहिलेली नाही. नवा अंक हातात आला की मी तेच बघते. यात एक गोष्ट पुरी झाली का, आणि प्रेत परत झाडावर गेलं का? दोन्ही हवं. फक्त दुसरं असेल तर तो अंक नव्हे, खंडातून फाडून काढलेली वीस पानं.

आता तू विचारलेल्या दोन मालिकांबद्दल.

मार्व्हल या अमेरिकन प्रकाशकाची ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’, जोनाथन हिकमन लेखक, मार्को केकेत्तो चित्रकार, जानेवारी २०२४ पासून. इथला पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, शाळकरी पोरगा नाही. बायको आहे, दोन मुलं आहेत, बेनकाका जिवंत आहेत, आणि कोळ्याचा दंश त्याला या वयात होतो. ही मालिका चोवीस अंकांची आणि अंकागणिक कथेतलाही साधारण एक महिना सरतो. म्हणजे वाचणाऱ्याच्या आणि पीटरच्या भिंतीवर एकच कॅलेंडर. मला ही कल्पना फार भिडली. महिन्यापूर्वी ज्याला घाबरत उडी मारताना पाहिलं, तो या महिन्यात थोडा सरावलेला दिसतो, आणि मधल्या दिवसांत आपल्याकडेही काही ना काही घडून गेलेलं असतं. हीच मालिका खंडात सलग वाचली तर तो सरलेला काळ नुसता पानाचा कोपरा होतो.

तिचा चौथा अंक तर मिळव आणि जपून ठेव. जवळपास सगळा अंक हॉटेलातल्या एका टेबलाभोवती घडतो. दोन जोडपी जेवायला बसलीत, पीटर आणि त्याची बायको मेरी जेन, समोर हॅरी ऑस्बॉर्न आणि ग्वेन. मारामारी नाही. ही पानं डेव्हिड मेसिना या दुसऱ्या चित्रकाराची, आणि नुसत्या नजरा आणि हात यांवर त्यानं अंक तोलून धरलाय. कोण कधी घास थांबवतो ते बघ. तुला ‘काही घडत नाही’ असं ज्या अंकांबद्दल वाटलं त्यात हा असेल तर परत वाच, आणि या खेपेला संवादाच्या फुग्यांतला मजकूर हातानं झाकून वाच. चित्रांवरून गोष्ट लागते की नाही ते आपोआप कळेल.

डीसी या दुसऱ्या अमेरिकन प्रकाशकाची ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’ ऑक्टोबर २०२४ पासून, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. यात ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमॅनकडे, ना पैसा, ना हवेली. बाप शाळामास्तर होता, आई जिवंत आहे, स्वतः तो इंजिनिअर. छातीवरचं वटवाघूळ काढलं की कुऱ्हाड होते. पहिला अंक मी एका बैठकीत दोनदा वाचला. ड्रॅगोटा एकाच पानावर बारीक-बारीक चौकटींची दाटी करतो आणि पुढच्या पानावर एक भलंमोठं चित्र अंगावर सोडतो, छातीत धस्स होतं. हा पहिला अंक कसोटीला शंभर टक्के उतरतो. चौथाही उतरतो, तो गॅब्रिएल हर्नांदेझ वाल्टानं काढलाय. मिस्टर फ्रीझ या खलनायकाची सात-आठ क्रमांकाची जोडगोळी मार्कोस मार्टिनची, ती दोन्ही एकदम घे. पण बेन या खलनायकाची (स्पायडरमॅनच्या बेनकाकांची नव्हे) जी लांब कथा नवव्यापासून चौदाव्यापर्यंत चालते, ती सुटी घेऊ नकोस. सुरुवात आणि शेवट जबरदस्त आहे, मधले दोन अंक मला नुसतं ओझं वाहून नेणारे वाटले. ते खंडात सलग वाचलेस तर त्रास होणार नाही, महिनाभर थांबून वाचलेस तर पैसे गेल्याचं दुःख होईल.

मध्येच चित्रकार बदलला की तुला राग येतो, असंही तू लिहिलंयस. थोडं समजून घे. दिवसाला एक पान म्हणजे चांगल्या चित्रकाराचा कस लागतो, आणि दर महिन्याला वीस-बावीस पानं वर्षानुवर्षं एकट्यानं ओढणं माणसाच्या हातून होत नाही. प्रश्न एवढाच की बदली माणूस कुठं आणला. वर सांगितलेले तिन्ही वेळचे बदल कथेनं वळण घेतलं तिथं केलेत, म्हणून ते खटकत नाहीत. भांडणाच्या ऐन मध्यात चेहरे बदलले तर मात्र संपादकाला दोष दे, चित्रकाराला नव्हे.

मी तीस वर्षं छापखान्यात पानं लावण्याचं काम केलं, त्यामुळे एक गोष्ट माझ्या डोळ्याला लगेच दिसते, ती तुलाही दिसावी असं मनापासून वाटतं. असा अंक बहुतेक वेळा जाहिरातींसकट बत्तीस पानांचा, म्हणजे सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे (एकत्र छापून घडी घातलेले कागद), मध्ये दोन पिना. विषम पान नेहमी उजवीकडे येतं. जाणता लेखक उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत दार किलकिलं करतो आणि पान उलटल्यावर डावीकडे आत काय आहे ते दाखवतो. तू मोबाईलवर एकेक चौकट मोठी करून वाचतोस तेव्हा हे सगळं मरतं. कागदाचा अंक परवडत नसेल त्या महिन्यात लॅपटॉपवर दोन पानं शेजारी-शेजारी ठेवून वाच, पण चौकटी सुट्या करून वाचू नकोस. तुझ्या ‘गोष्ट हलत नाही’ या तक्रारीचं अर्धं कारण तेच असावं असा माझा अंदाज आहे.

दर बुधवारी तिकडे नवे अंक निघतात, आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. त्या घाईपोटी जून-जुलैत मागवू नकोस. मागच्या पावसाळ्यात माझं पार्सल ओलं आलं, चार अंकांची मुखपृष्ठं एकमेकांना चिकटलेली. विकणाऱ्यानं फोटो मागितले, मी पाठवले, पुढे काही नाही. तेव्हापासून मी पावसाळ्यातलं सगळं थांबवते आणि गणपती झाल्यावर एकदम घेते. खानापुरात तर आमच्यापेक्षा जास्त पाऊस. प्लॅस्टिकची पिशवी, मागे पुठ्ठा, आणि लोखंडी कपाटापेक्षा लाकडी फळी, भिंतीपासून चार बोटं सुटी. कसर लागू नये म्हणून माझी आई चांदोबात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवायची. मी अजून तेच करते, फक्त पाला पिशवीच्या बाहेर ठेवते, नाहीतर कागदावर डाग पडतो.

पुढच्या तीन महिन्यांसाठी माझं म्हणशील तर ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’चे पहिले सहा अंक जमतील तसे सुटे घे आणि मुद्दाम महिन्याला दोनच वाच, हातात सगळे असले तरी. बॅटमॅनचा पहिला, चौथा आणि फ्रीझचे दोन सुटे. बेनचा खंड. एवढ्यात बाकी काही नको.

दसऱ्याला मी खानापूरला भावाकडे येणार आहे. स्पायडरमॅनचा चौथा अंक माझ्याकडे दोन प्रतींत आहे, एक तुझ्यासाठी आणते. वाचून झाल्यावर मला सांग, हॅरीवर तुझा पहिला संशय कुठल्या पानावर आला. माझा आला ते पान मी आत्ताच चिठ्ठीवर लिहून ठेवलंय.