सत्तावीस सामने

प्रिय खेळाडूस,
अनेक आशीर्वाद.

नऊ सामने झाले, गोल नाही, आणि परवा शाहू स्टेडियममध्ये कुणीतरी "त्याला बाहेर बसवा" म्हणून ओरडलं, असं तू लिहिलंस. कोल्हापूरचं पब्लिक ते. तालमीच्या टीमसाठी जीव टाकणारं, मग शिव्याही घालणारच.

दिएगो फोर्लान तुला २०१०च्या वर्ल्डकपमुळे माहीत आहे. पाच गोल, स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल, चिमुकल्या उरुग्वेला चौथा नंबर. मी तुला त्याच्या आधीचा फोर्लान सांगतो. जानेवारी २००२मध्ये तो इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडला आला. वडील पाब्लो दोन वर्ल्डकप खेळलेले, आजोबा उरुग्वेचे प्रशिक्षक. पण आडनाव काही गोल मारत नाही. पहिला गोल व्हायला सत्तावीस सामने लागले, जवळजवळ आठ महिने! तोही पेनल्टीवर.

पुढे साउदॅम्प्टनविरुद्ध विजयी गोल मारला आणि आनंदाच्या भरात जर्सी काढली. ती परत अंगात जाईना. खेळ सुरू झाला तरी हा उघडाबंब, जर्सी हातात धरून चेंडूमागे पळतोय. महिन्याभरात लिव्हरपूलला त्यांच्याच मैदानावर दोन गोल घातले. त्या दोन गोलांचं गाणं युनायटेडचे चाहते अजून गातात. नंतर स्पेनच्या विय्यारेआल आणि अ‍ॅटलेटिको या क्लबांकडून त्याने दोनदा युरोपातल्या सर्वोत्तम गोलवीराचा गोल्डन शू घेतला, पण ते कप मोजणं तू इंटरनेटवर कर.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. लहानपणी त्याला टेनिसचंही वेड. तो बारा वर्षांचा असताना बहीण मोटार अपघातात जायबंदी झाली, चाकाच्या खुर्चीवर आली. तिच्या उपचारांसाठी पैसा हवा, म्हणून फुटबॉलच खेळायचं, हे त्याने तेव्हा ठरवलं. बाहेरून ओरडणाऱ्याचा आवाज अशा पोराच्या कानात किती शिरणार?

२०१६ साली तो मुंबई सिटीकडून खेळला. मी अंधेरीला मुद्दाम गेलो होतो. सदतीस वर्षांचा माणूस. सराव बघताना मला शेवटपर्यंत कळलं नाही, याचा मुख्य पाय कुठला. उजव्याने जितका फटका, तितकाच डाव्याने. त्याच मोसमात केरळविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. तुझा डावा मात्र नुसता उभं राहायच्या कामाचा आहे, रागावू नकोस.

आणि हो, २०१०च्या तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत जर्मनीविरुद्ध अगदी शेवटची फ्री किक त्याचीच होती. चेंडू आडव्या दांडीवर आदळला. सामना ३-२ असा गेला. तो चेंडू आत गेला असता तर त्याचे सहा गोल झाले असते आणि सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूटही त्याचाच होता. तरी त्या स्पर्धेचं नाव काढलं की लोकांना पहिला तोच आठवतो.

गुरुवारी सकाळी सहाला मैदानावर ये. चेंडू मी आणतो. उजवा पाय त्या दिवशी वापरायचा नाही.

तुझा,
सर