पूर ओसरल्यावर घर उभे करताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बेळगावच्या शहापुरातील गणेश मंडळाकडे पूरग्रस्तांसाठी सत्तर हजार रुपये जमले आहेत. धान्याचे किट वाटावेत की घराला मदत करावी?

उत्तर : किट पहिल्या आठवड्यात सगळेच देतात. ऑगस्ट 2019 च्या पुरात वेदगंगेकाठच्या एका गावात शाळेची खोली खिडकीपर्यंत ब्लँकेटांनी भरलेली मी पाहिली. दिवाळीनंतर, म्हणजे बांधकामाचा हंगाम सुरू होतो तेव्हा, त्या गावात कुणी फिरकले नाही. त्या वर्षी पूर्ण पडलेल्या घराला कर्नाटक सरकारने पाच लाख रुपये मंजूर केले, पण ते टप्प्याटप्प्याने. आधी काम, मग फोटो, मग पुढचा हप्ता. हातात रोकड नसलेले कुटुंब तिथेच अडकते. त्याच गावात एका आजींचे घर जोत्यावर थांबले होते. भिंत नाही, छप्पर नाही, कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेले दळणाचे जाते. आजी ते उघडे जोते रोज झाडून काढत.

तुमच्या पैशात एक घर पुरे होणार नाही, पण अडकलेली दोन-तीन घरे पुढे सरकतील. वाळू, सिमेंट, चिरा यांचे पैसे थेट दुकानदाराला द्या आणि बिल मंडळाच्या नावे घ्या. सरकारी हप्ता आला की जमेल तेवढे परत करायचे, असे आधीच लिहून ठरवा. तोच पैसा पुढच्या घराला लागतो. ज्यांना परत करणे जमत नाही, त्यांच्या दारात मात्र तगादा लावू नका.

प्रश्न : आम्ही खानापूरचे वीस विद्यार्थी दर रविवारी येऊ शकतो. बांधकामाचे काही येत नाही. उपयोग होईल का?

उत्तर : नक्की होईल. भिंत गवंडीच बांधेल, त्याचा रोजगारही बुडवू नका. पण नव्या भिंतीला निदान आठवडाभर पाणी मारावे लागते आणि शेतावर मजुरीला जाणाऱ्या घरात त्या वेळी कुणी नसते. रविवारी सगळे येण्यापेक्षा रोज तिघांची पाळी लावा. पाणी न मिळालेले सिमेंट कच्चे राहते, नखाने भुगा निघतो.

दुसरे काम कागदांचे. अर्ज आणि नोटिसा कन्नडमध्ये असतात. मराठी शाळेत शिकलेली निपाणी भागातली वडीलधारी माणसे तो कागद हातात घेऊन दिवसभर ग्रामपंचायतीत बसून राहतात. तुम्ही शाळेत कन्नड शिकलात. शेजारी बसून वाचून दाखवा, अर्ज भरा आणि पोच घ्यायला विसरू नका.

पुरानंतर लगेच चिखल काढायला जाणार असाल तर मेन स्विच बंद असल्याची खात्री करा, गमबूट घाला, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका; लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा, धोका खरा आहे. मातीच्या भिंती बऱ्याचदा पाणी ओसरल्यावरच बसतात. भिजलेल्या भिंतीला टेकू नका, तिच्या सावलीत डबाही खाऊ नका.

प्रश्न : जुन्या पायावरच भिंत उचलली तर खर्च वाचेल का? आमचे घर कृष्णाकाठी काळ्या मातीत आहे.

उत्तर : आधी एका कोपऱ्याला खणून पाया बघा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत ओढते. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर त्यावर भिंत चढवू नका. खर्च वाचवायचाच तर गिलावा आणि फरशीत वाचवा. दारा-खिडक्यांवरून सगळ्या भिंतींना बांधणारी काँक्रीटची पट्टी मात्र सोडू नका. 2019 ला आणि पुन्हा 2021 ला पाणी कमरेच्या वर आले असेल, तर जोते वाढवून भागणार नाही. गावाबाहेर उंचावर जागा मिळावी म्हणून ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करा. वाडवडिलांची जागा सोडवत नाही, हे मला कळते. तरीही हेच सांगेन.

प्रश्न : आखातातले माझे भाचे आणि त्यांचे परदेशी मित्र पैसे पाठवू इच्छितात. माझ्या खात्यात घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेला पैसा परदेशी देणगीत मोडत नाही. तो मंडळाच्या, दोघांच्या सह्यांच्या खात्यात घ्या. मित्र परदेशी नागरिक असतील तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेकडेच पाठवायला सांगा. गावातल्या देणगीदारांना देणगीवर आयकरात सवलत (80जी म्हणून ओळखली जाणारी) हवी असेल, तर संस्थेला ती मान्यता असली पाहिजे. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला देवळाच्या भिंतीवर लावा, मराठीत आणि कन्नडमध्येही.